भाकरीचा व्यास आणि माझी अक्कल

मी आयुष्यात गाढवपणा पुष्कळ केला आहे आणि त्यातला बराचसा चारचौघांत मिटक्या मारत सांगतोही. परीक्षेच्या दिवशी भलत्याच वर्गावर जाऊन पेपर वाटले ते सांगतो. मित्राच्या लग्नाला म्हणून गेलो आणि शेजारच्या मांडवात जेवून, वर आहेरही देऊन आलो, ते तर हातवारे करून सांगतो. भाकरीची गोष्ट मात्र आजवर कुणाला पूर्ण सांगितलेली नाही. बायकोला अर्धी ठाऊक आहे. उरलेली अर्धी इथे पहिल्यांदा लिहितो आहे आणि लिहिता लिहिता कान गरम झालेत.

मी सोलापुरात एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. बारावीला विकलनाच्या, म्हणजे डिफरन्सिएशनच्या, उपयोगांवर एक धडा आहे, त्यातला लहान बदलांचा भाग माझा फार लाडका. वर्तुळाची त्रिज्या एक टक्क्याने वाढली तर क्षेत्रफळ किती टक्क्यांनी वाढेल? सरळमार्गी माणूस आधी जुनं क्षेत्रफळ काढेल, मग नवं काढेल, वजाबाकी करेल, भागाकार करेल आणि घाम पुसेल. विकलन येणारा माणूस खिशातला हात न काढता सांगतो, दोन टक्के. क्षेत्रफळाच्या सूत्रात त्रिज्येचा वर्ग असतो. विकलन केलं की तो डोक्यावरचा दोन खाली उतरतो आणि टक्क्यांना गुणतो. चेंडूचं घनफळ असेल तर घन, म्हणून तीन टक्के. बदल लहान असला की उत्तर जवळजवळ बरोबर येतं. मोजायला नको, तोलायला नको. या ‘जवळजवळ’च्या जोरावर मी पंधरा वर्षं वर्गात भाव खाल्ला आहे.

खोड अशी की, हे मी वर्गात ठेवत नाही, घरीही आणतो. एकदा बायको आतून ओरडली, “अहो, दूध उतू गेलं.” मी बाहेरून विचारलं, “किती टक्के?” त्यानंतर दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

बायको अकलूजला शाळेत शिकवते. शनिवारी दुपारी येते, सोमवारी पहाटेच्या एसटीने जाते. मधले पाच दिवस मी भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत एकटा असतो. मला चहा येतो आणि अंड्याचं काहीतरी येतं. त्यामुळे माझा सगळा भार गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये भाकरी करणाऱ्या मावशींवर होता. मावशी मूळच्या वळसंगच्या. दोन चुली, एक परात, एक पितळी वाटी आणि दुपारी बारापासून समोर लाईन. ज्वारीची भाकरी अशी थापायच्या की शेजारी बोलत उभा राहिलेला माणूस बोलायचं विसरावा. दोन्ही हातांत भाकरी नुसती फिरायची. माझ्या स्टीलच्या ताटात ती ठेवली की ताटाच्या आतल्या कडेला बरोबर टेकायची, जशी काही ताटाचं माप घेऊन शिवलीय.

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ही भाकरी मीच नेली. आधी दोन जणांनी चाखली, मग सगळ्यांनीच मागितली. रोज दुपारच्या सुट्टीत मी स्कूटरवर जाऊन वीस भाकऱ्या कापडात बांधून आणायचो आणि शेंगाचटणीच्या बरण्या उघडल्या जायच्या. मावशींसाठी ही लहान गोष्ट नव्हती. लाईनीतली माणसं येतात, नाही येतात. या वीस भाकऱ्या मात्र रोजच्या. “कालिजातल्या सरांकडं माझी भाकरी जाते,” असं त्या गिऱ्हाइकाला ऐकवायच्या. मला ते ऐकायला आवडायचं. आपण कुणाचं तरी भलं केलंय, असं चेहऱ्यावर ठेवून मी लाईन मोडून पुढे जायचो.

तर एके दिवशी ताट आणि भाकरी यांच्यामध्ये फट दिसली.

नेहमी कडेला टेकणारी भाकरी आत सरकली होती. कुणीही शहाणा माणूस चटणी वाढून घेऊन जेवला असता. मी दप्तरातली पट्टी काढली. ताटाचा आतला व्यास पंचवीस सेंटिमीटर, भाकरी साडेतेवीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली, तिसऱ्या दिवशीही. शास्त्र म्हटलं की तीनदा मोजायला हवं. तिन्ही दिवस साडेतेवीस. म्हणजे व्यास सहा टक्क्यांनी कमी. व्यास सहा टक्के, म्हणून त्रिज्याही सहा टक्के, म्हणून क्षेत्रफळ बारा टक्के! मी एकट्याने टाळी वाजवली.

ही टाळी हाच माझा खरा गुन्हा. भाकरी लहान झाली म्हणून मला राग आला असता, तर ते एक वेळ माणसासारखं झालं असतं. मला राग आलाच नाही, आनंद झाला. पंधरा वर्षं मी फळ्यावर न दिसणारी वर्तुळं फुगवत होतो आणि आता माझ्या ताटात खरंखुरं, खाता येणारं उदाहरण येऊन पडलं होतं.

वर्गात सांगितलं, पोरं हसली. स्टाफरूममध्ये सांगितलं. “बाई हुशार आहे,” मी म्हणालो, “डोळ्याला सहा टक्के दाखवते आणि पोटाचे बारा टक्के काढते.”

रसायनशास्त्राच्या सरांनी घास तोंडाशी थांबवला. “म्हणजे वीस भाकऱ्यांत?”

“जवळजवळ अडीच भाकऱ्या गायब.”

“आणि आम्ही म्हणतोय, आजकाल भूक का वाढली!” सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पट्टी खिशात घालून मावशींसमोर उभा राहिलो. लाईनीत सात-आठ माणसं होती. पुढेच टॉवेलच्या कारखान्यात काम करणारे, आमच्याच गल्लीतले एक पद्मशाली काका होते. मावशी खाली मान घालून थापत होत्या.

“मावशी, भाकरी लहान झाली,” मी म्हणालो.

“झालीया जराशी,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “पीठ तेवढंच हाय, सर.”

“पीठ तेवढंच कसं असेल? हे बघा.” मी टोपलीतली वरची भाकरी घेतली, तिच्यावर पट्टी ठेवली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. “व्यास सहा टक्के कमी, म्हणजे भाकरी बारा टक्के कमी. हिशोब आहे हा.”

“बारा टक्के?” मागून कुणीतरी म्हणालं. “लई झालं की मावशी!”

“मी वाटीनं पीठ घेती, सर. वाटी तीच हाय.”

काका मध्ये पडले. “सर, आमच्याकडं टॉवेल लांबीला कमी भरला ना, तर आमी आधी काट्यावर टाकतो. लांबी कमी आन वजन बराबर, असं बी होतंय. त्ये समोर दुकानात काटा हाय. टाका की.”

समोर म्हणजे खरोखर समोर. पंधरा पावलांवर किराणा दुकान आणि दुकानात वजनकाटा. मी काय म्हणालो, ते शब्दासकट आठवतं. “काका, काट्याची गरजच पडू नये, म्हणून तर डिफरन्सिएशन आहे.”

गणिताच्या सरांपुढे कोण बोलणार? मावशींनी माझ्या हातातली भाकरी काढून घेतली, टोपलीत ठेवली आणि विचारलं, “वीस ना?”

“वीस,” मी म्हणालो. पण त्या दिवशी स्टाफरूममध्ये वीसपैकी सात उरल्या. चौथ्या दिवशी कुणीतरी कॅन्टीनच्या चपात्या आणल्या. आठवडा संपता संपता ‘आता भाकरी नकोच’ असं ठरलं. मावशींना ते मीच सांगितलं, स्कूटरवरून न उतरता. त्यांनी विचारलं, “सगळ्या बंद?” मी म्हटलं, “सगळ्या. माझ्या दोन तेवढ्या ठेवा.”

गल्लीत तर त्यांचं बारसंच झालं होतं. ‘ओ बारा टक्के, चार द्या.’ ‘बारा टक्केकडून आणल्या का?’ कुणी रागाने म्हणत नव्हतं, थट्टेनेच म्हणत होतं. थट्टेचं नाव रागाच्या नावापेक्षा जास्त चिकटतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं, कारण त्या नावाचा बाप मी होतो.

आता ती अर्धी गोष्ट, जी बायकोलाही ठाऊक नाही.

कॉलेजच्या भाकऱ्या बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दोन भाकऱ्यांबरोबर कागदात भाकरीचे दोन लहान तुकडे निघाले. चतकोराची अर्धी असते ना, नितकोर, तशा दोन. एकेका भाकरीला एकेक.

“हे काय?” मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

“तुमचं बारा टक्के,” मावशी म्हणाल्या. “नितकोर बसतीया तेवढ्यात. कमी पडली तर सांगा.”

भाकरीचा आठवा भाग म्हणजे साडेबारा टक्के. विकलनाशिवाय, वहीशिवाय, त्यांनी माझ्या उत्तरात अर्धा टक्का स्वतःहून घालून दिला होता. कुणाही माणसाला तिथेच काहीतरी टोचलं असतं. मला काय वाटलं? मला वाटलं, कबुली आली. आणि मी त्या नितकोर खाल्ल्या. रोज दोन. चटणीवर तेल घालून. अकरा दिवस.

मधल्या एका शनिवारी बायको शाळेच्या परीक्षेमुळे आली नव्हती, त्यामुळे ती आली तेव्हा अकरावा दिवस होता. जेवायला बसताना मी तिला सगळी कथा रंगवून सांगितली: पट्टी, टक्के, काका, काटा. ती ऐकत ऐकत भाकरी दोन बोटांत धरून दाबत होती.

“जाड आहे,” ती म्हणाली.

“असेल.”

“असेल काय? हात लावून बघा. मावशींचा हात दुखतोय का?”

“मला काय माहीत?”

“रोज जाता ना तिथे?”

“जातो.”

“मग बघता काय?”

“भाकरी,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. वर्गात ढ मुलाकडे बघण्याची तिची एक पद्धत आहे, मी तिच्या शाळेच्या गॅदरिंगला गेलो होतो तेव्हा पाहिली होती. “अहो, ज्या बाईला पीठ चोरायचंय ती भाकरी पातळ करून मोठी दाखवेल. लहान आणि जाड कशाला करेल? मोठी थापायला तळहाताचा जोर लागतो, मनगट फिरवावं लागतं. आणि हे तुकडे कसले?”

“मोडली असेल एखादी,” मी म्हणालो. वर्गात मी कॉपी करणाऱ्यांची नावं लिहून घेतो.

जेवण झाल्यावर मी वहीचा मागचा कागद फाडून बसलो. भाकरी म्हणजे वर्तुळ नव्हे, ती चपटी का होईना पण वृत्तचिती आहे, पाइपाच्या कापलेल्या चकतीसारखी. तिच्या घनफळात त्रिज्येचा वर्ग आहे आणि जाडीही आहे. म्हणून घनफळातला टक्केबदल म्हणजे त्रिज्येच्या टक्क्यांची दुप्पट, अधिक जाडीचे टक्के. वाटी तीच असेल तर घनफळ बदलत नाही. उणे बारा अधिक जाडीचे टक्के बरोबर शून्य. जाडी बारा टक्क्यांनी वाढली पाहिजे. चार मिलिमीटरच्या भाकरीत ते होतात जेमतेम अर्धा मिलिमीटर. माझ्या पट्टीवर त्याची रेघच नव्हती आणि बायकोच्या बोटांना तो लगेच लागला होता.

वर्गात मी दर वर्षी ठणकावून सांगतो, “बाकीच्या राशी स्थिर धरल्यात का, ते आधी लिहा. नाही लिहिलं तर अर्धा मार्क कापीन.” मी जाडी स्थिर धरली होती. लिहिलंही नव्हतं. जाडी नावाची काही गोष्ट असते, हेच मला सुचलं नव्हतं.

मग नितकोरांचा विचार आला. पीठ पूर्ण होतं, म्हणजे त्या नितकोर जादाच्या होत्या. अकरा दिवस रोज दोन, प्रत्येक भाकरीचा आठवा भाग. दोन भाकऱ्या सबंध आणि वर पाऊण. कुणी बारा टक्के लाटत असेल, तर तो मी होतो, आणि तेही तेल घालून.

रविवारी संध्याकाळी, शेडसमोर कुणी नाही असं बघून गेलो. ती वेळ मी मुद्दाम निवडली, हेही लिहून टाकतो. मावशी परात घासत होत्या, डाव्या हाताने. उजव्या मनगटाला जुन्या साडीची पट्टी आवळून बांधली होती.

“हाताला काय झालं?” मी विचारलं.

“नळापाशी घसरले की. म्हैना झाला.”

महिना झाला. म्हणजे मी पट्टी धरून उभा होतो तेव्हाही ती चिंधी तिथेच होती, माझ्या पट्टीपासून वीतभर अंतरावर. मी मिलिमीटर वाचत होतो.

“तेव्हा सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. पीठ तेवढंच हाय म्हनलं. वाटी तीच हाय म्हनलं. आनि काय सांगायचं? हात मोडलाय म्हनलं असतं तर समद्यांनी दुसरीकडनं आणली असती. ह्या हाताची भाकरी कशी खायाची म्हनून.”

मी म्हणालो, “मावशी, माझं चुकलं. मी जाडी धरलीच नव्हती...”

त्यांनी परात उपडी ठेवली. “सर, इथं कोन हाय ऐकायला?”

मी मागे वळून रिकाम्या गल्लीकडे पाहिलं.

“तवा लोकांफुडं बोलला. आता बी लोकांफुडं बोला की.”

सोमवारी दुपारी मी लाईनीत उभा राहिलो, पहिल्यांदाच, मागच्या टोकाला. पुढे टॉवेलवाले काका होते. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, “काय सर, टाकली का काट्यावर?” मी हसायचा प्रयत्न केला. माझा नंबर आला. मागे पाच-सहा माणसं जमली होती. मी घसा साफ केला.

“मंडळी, मागे मी भाकरीबद्दल जे बोललो होतो, त्यात एक गृहीतक राहून गेलं होतं. क्षेत्रफळ कमी झालं तरी घनफळ तेवढंच असू शकतं, कारण जाडीचा टक्केबदल...”

“सर,” मावशी थापता थापता म्हणाल्या, “चुकलो म्हना की. तीन अक्षरं हायत.”

लाईनीत हशा पिकला. पंधरा वर्षं मी लोकांना हसवून गप्प केलं होतं. उलटं कसं असतं, ते तेव्हा कळलं. “चुकलो,” मी म्हणालो. “पीठ पूर्ण होतं. मावशींनी कुणाचं काही कमी केलेलं नाही. मीच न तोलता बोललो.”

“त्ये तर आमी तवाच म्हनलो होतो,” काका म्हणाले.

मागून एकजण, ज्याला काहीच ठाऊक नव्हतं, खेकसला, “ओ बारा टक्के, आवरा की, सुट्टी संपतीया आमची.” मी वळून त्याला काही म्हणणार होतो. मावशींनी मान हलवली, राहू द्या अशा अर्थी. त्या नावाला त्या वळायला शिकल्या होत्या.

“कालिजात?” त्यांनी हळूच विचारलं.

“आज सांगतो.”

स्टाफरूममध्ये सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, मनगटाच्या चिंधीसकट, नितकोर तेवढ्या सोडून. रसायनशास्त्राचे सर चपातीचा तुकडा मोडत म्हणाले, “अरेरे. असं झालं होय? असू द्या हो, मुद्दाम थोडंच केलंत?” भौतिकशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, “पण खरं सांगू का, दुपारी चपातीच बरी. भाकरीने झोप येते.” मी वीस म्हटलं, दहा म्हटलं, बुधवारपुरत्या म्हटलं. कुणाला राग नव्हता, कुणाला संशय उरला नव्हता. त्यांची फक्त सवय बदलली होती. मी विनोद करून त्यांची सवय मोडली होती आणि आता माफी मागून ती परत बसत नव्हती.

चार दिवस मावशींनी विचारलं आणि चार दिवस मी “बघतायत, सांगतील” म्हणत राहिलो. पाचव्या दिवशी खोटं बोलायचाही कंटाळा आला.

“मावशी, नाही म्हणाले. चपातीची सवय लागलीय त्यांना. माझ्यामुळे झालं हे.”

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, पट्टी बांधलेल्या हाताने निखाऱ्याकडे सरकवली, ती फुगेपर्यंत थांबल्या. माझ्या दोन भाकऱ्या कागदात गुंडाळल्या. नुसत्या दोन.

“व्हय का,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, मी तसाच उभा आहे हे पाहून, “मग आता त्वांड पाडून कशाला उभारलाय, सर? मागं मानसं हायत की.”

मी बाजूला झालो.